समानतेचे भाषण नको, तासिका द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ जानेवारी आणि ८ मार्च हे दोन दिवस आपल्या शाळांत कसे साजरे होतात, हे वाचकांना ठाऊक आहे. सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार, दोन विद्यार्थिनींची पाठ केलेली भाषणे, पाहुण्यांचे व्याख्यान आणि शेवटी सामूहिक फोटो. त्याच कार्यक्रमाची रांगोळी मुलींनी काढलेली असते, पाहुण्यांना ओवाळायला मुलीच उभ्या केलेल्या असतात, आणि खुर्च्या-सतरंज्या मुलग्यांनी वाहून आणलेल्या असतात. व्याख्यान अर्ध्या तासात संपते. रांगोळी आणि खुर्च्यांचा धडा मात्र वर्षभर चालतो आणि विद्यार्थी तोच लक्षात ठेवतात.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. 'मुलगा असाच असतो', 'मुलीच्या जातीने असेच वागायचे' या साच्यांचे परिणाम विद्यार्थ्यांना शिकवता येतात. ते कसे शिकवावे याच्या पद्धती पडताळून झालेल्या आहेत आणि त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. लागते ती वेळापत्रकात नेमून दिलेली तासिका. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांनी, शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि पालकांनी याचा विचार करावा, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत २००८ ते २०१० या काळात सहावी-सातवीच्या वर्गांत 'जेम्स' नावाचा लिंगसमानतेचा प्रकल्प झाला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि 'कोरो' ही स्वयंसेवी संस्था या तिघांनी तो राबवला. काही शाळांत वर्गातल्या गटचर्चा आणि शाळाभर मोहीम असे दोन्ही ठेवले, काही शाळांत नुसती मोहीम, आणि काही शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. गटचर्चा झालेल्या शाळांतल्या विद्यार्थ्यांची मते सर्वांत जास्त बदलली. पोस्टर आणि कार्यक्रमांपुरत्या मोहिमेचा परिणाम त्याहून कमी होता. पुढे हरियाणात ३१४ सरकारी शाळा घेऊन असाच अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास शाळांत सातवी-आठवीपासून दर तीन आठवड्यांनी ४५ मिनिटांची एक तासिका, असे अडीच वर्षे चालले. विषमतेच्या बाजूने असलेल्या मतांपैकी १६ टक्के मते पालटली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी तपासले तेव्हाही तो बदल टिकून होता. वागणुकीतला बदल मुलग्यांत जास्त दिसला. त्याचे कारण उघड आहे. घरात काय करायचे हे ठरवण्याची मोकळीक मुलग्याला असते, मुलीला बहुधा नसते. या एका निष्कर्षावरून आखणीतल्या बऱ्याच गोष्टी ठरतात. त्यांकडे पुढे येतोच.

हे काम कोणत्या वयात करायचे? अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे दोघेही 'फार फार हुशार' माणूस म्हणून मुली बाईला आणि मुलगे पुरुषाला निवडत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घसरले आणि 'फार हुशार मुलांसाठी' म्हणून सांगितलेला खेळही त्यांना कमी हवासा वाटू लागला. म्हणजे साचा पहिलीतच बसतो. तरीही पहिली ते चौथीला साच्यांवर चर्चा घेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. 'लोक म्हणतात मुलींना गणित येत नाही, पण ते खोटे आहे' असे सहा वर्षांच्या मुलीला सांगितले, तर तिच्या मनात राहण्याचा धोका असतो तो वाक्याच्या पहिल्या भागाचा. त्या वयात न बोलता रचना बदलावी: चित्रे, खेळण्यांचे कोपरे, बसण्याची पद्धत, कामाच्या पाळ्या. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले, इस्त्री करणारा पुरुष दाखवला, डॉक्टर आणि पोलीस बाई दाखवल्या. कसलाही उपदेश न करता केलेला हा बदल फार मोलाचा आहे. उघड चर्चा सहावीपासून, आणि आकर्षण, प्रेम, संमती हे विषय आठवी-नववीत विस्ताराने, असा क्रम योग्य.

आता शाळेच्या स्वतःच्या व्यवहाराबद्दल, कारण तासिका सुरू होण्याआधी हे करावे लागते. अमेरिकेतल्या बालवर्गांत २०१० च्या सुमारास झालेला एक प्रयोग सांगतो की शिक्षिकांनी नुसती 'मुलांची रांग, मुलींची रांग', 'मुलांनो आणि मुलींनो' अशी विभागणी ठळक केली, तरी दोन आठवड्यांत बालकांच्या साचेबंद कल्पना वाढल्या आणि एकमेकांबरोबर खेळणे कमी झाले. आपल्याकडे कित्येक शाळांत हजेरीपटावर मुलग्यांची सगळी नावे एकत्र आणि मुलींची वेगळी असतात. ती आडनावाप्रमाणे सलग लावावीत. वर्ग झाडणे, पाणी भरणे, बाके हलवणे, पाहुण्यांचे स्वागत, सूत्रसंचालन, घंटा देणे या कामांची पाळी हजेरी क्रमांकाप्रमाणे लावून तो कागद भिंतीवर चिकटवावा. पाळी तोंडी ठेवली की दुसऱ्या आठवड्यात झाडू पुन्हा मुलींकडे जातो. खेळाच्या तासाला लंगडी, दोरीउड्या, क्रिकेट, कबड्डी सगळ्यांना. मधल्या सुट्टीत मैदान कोण वापरते हे पाहायचे असेल, तर दर पाच मिनिटांनी मैदानाच्या मधल्या भागातल्या विद्यार्थ्यांची मोजणी करावी. एका आठवड्यात चित्र स्पष्ट होते. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये सगळ्यांना गुडघ्याखालपर्यंतची पँट आणि शर्ट असा एकच गणवेश दिला. स्कर्ट सावरत मुलींना धावता-खेळता येत नाही, असा साधा विचार त्यामागे होता. आपल्या शाळांनी गणवेश ठरवताना पाच मिनिटे मैदानाचा विचार केला तरी पुष्कळ होईल.

तासिकांची आखणी अशी करावी. सहावी-सातवीला दर तीन आठवड्यांनी एक, ३५ ते ४० मिनिटांची. ती कार्यानुभवाच्या वेळेतून घ्यावी, खेळाच्या तासातून कधीही घेऊ नये. खेळ बुडवून शिकवलेल्या गोष्टीवर विद्यार्थी आधीच रुसलेले असतात. मुलगे-मुली एकत्र. ४० जणांच्या वर्गाचे पाच-पाचांचे आठ गट, आणि प्रत्येक गटात दोन्हींचे मिश्रण. वर्गशिक्षकानेच घ्यावी. बाहेरचा वक्ता निघून जातो आणि प्रश्न दुसऱ्या दिवशी येतात.

पहिली तासिका कार्डांची. जुन्या पुठ्ठ्याची २४ कार्डे करून त्यांवर एकेक गोष्ट लिहायची: दाढी येणे, गर्भ राहणे, पाळी येणे, बाळाला अंगावर पाजणे, बाळाला भरवणे, रोजचा स्वयंपाक, लग्नातला स्वयंपाक, कपडे शिवणे, ट्रॅक्टर चालवणे, खुरपणी, विहिरीत पोहणे, रडणे, घाबरणे, रागाने हात उचलणे, हिशेब ठेवणे, अंत्यविधीला जाणे, वगैरे. गटाने तीन ढीग लावायचे: शरीरामुळे, शिकवल्यामुळे, नक्की नाही. शरीराच्या ढिगात शेवटी चार-पाचच कार्डे उरतात, आणि हे शिक्षकाने सांगण्याआधी विद्यार्थ्यांना दिसते. सर्वांत चांगली चर्चा स्वयंपाक आणि शिवणकामावर होते. घरी रोज रांधणारी बाई, पण लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष. घरी उसवलेले शिवणारी बाई, पण बाजारातला शिंपी पुरुष. काम तेच, मग फरक कुठे आहे असे विचारले की 'पैसे मिळाले की ते पुरुषाचे होते' हे उत्तर मागच्या बाकावरून येते. शेतमजुरीच्या गावात खुरपणीच्या आणि पुरुषांच्या कामाच्या मजुरीतला फरक विद्यार्थ्यांना आकड्यांनिशी माहीत असतो. तो फळ्यावर लिहायला लावावा. इथे शिक्षकाकडून एक चूक नेहमी होते. ढीग 'चुकीचा' लागला की तो कार्ड उचलून बरोबर ढिगात ठेवतो. तसे करू नये. 'असा एखादा माणूस ओळखीचा आहे का, जो हे करतो?' एवढेच विचारावे.

दुसरी, दिवसाच्या घड्याळाची. कोऱ्या कागदावर दोन मोठी वर्तुळे, प्रत्येकाचे २४ भाग. एका वर्तुळात ओळखीच्या घरातल्या एका मोठ्या बाईचा दिवस, दुसऱ्यात एका मोठ्या पुरुषाचा. 'तुमच्या आईबाबांचा दिवस' असे कधीही सांगू नये. कोणाला आई नसते, कोणाचे वडील सोडून गेलेले असतात, आश्रमशाळेतली आणि ऊसतोड कामगारांची मुले महिनोन् महिने घरापासून दूर असतात. नुसते 'भरा' म्हटले तर बाईच्या वर्तुळात 'घरी असते' एवढेच येते. म्हणून तासागणिक विचारावे. पहाटे पाचला कोण उठले, पाणी कोणी भरले, शेवटी जेवायला कोण बसले, त्यानंतर भांड्यांचे काय झाले. मग पैसे मिळणारी कामे एका रंगाने, न मिळणारी दुसऱ्या रंगाने, विश्रांती तिसऱ्या रंगाने रंगवायची. शेवटी देशाचे आकडे सांगावेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. आणि दिवसाकाठी घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात २६ टक्केच होते. विद्यार्थ्यांनी स्वतः मोजल्यावरच हे आकडे सांगायचे. आधी सांगितले तर ते फक्त परीक्षेचे आकडे होतात.

तिसरी, पुस्तकांतल्या चित्रांची मोजणी. प्रत्येक गटाला दहा-दहा पाने, चार रकाने: बाई की पुरुष, काय करते आहे, घरात की बाहेर, कामाचे पैसे मिळतात का. अर्धे गट नव्या पाठ्यपुस्तकावर, अर्धे ग्रंथालयातल्या जुन्या गोष्टींच्या पुस्तकांवर, म्हणजे तुलना होते. 'ही आकृती बाईची की पुरुषाची' यावरच भांडण जुंपते, तेव्हा थांबवू नये. कशावरून ठरवले, केसांवरून की कपड्यांवरून, हे विचारले की तासिकेचा गाभा तिथेच सापडतो. शेवटची पाच मिनिटे प्रत्येकाने एक शास्त्रज्ञ काढायचा. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८०७ मुलामुलींना असेच शास्त्रज्ञ काढायला सांगितले होते. त्यांतल्या फक्त २८ जणांनी बाई काढली, आणि त्या २८ मुलीच होत्या. आपल्या वर्गाचा आकडा त्याच्या शेजारी लिहावा.

मुलग्यांना होणारी इजा ही चौथी तासिका, आणि ती वगळली तर सगळा कार्यक्रम फसतो. फक्त मुलींचे दुःख सांगत गेलो की मुलगे आरोपीच्या पिंजऱ्यात असल्यासारखे बसतात. मग एक तर हसतात, नाही तर विरोध करतात. देशात २०२२ मध्ये नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुषांच्या होत्या. आत्महत्येला अनेक कारणे असतात, आणि सहावीच्या वर्गात हा आकडा सांगूही नये. शिक्षकांनी तो स्वतःजवळ ठेवावा. पण 'रडतोस काय मुलीसारखा' हे ऐकत वाढलेल्या मुलग्याला अडचणीत मदत मागणे कमीपणाचे वाटू लागते, हे लक्षात ठेवून तासिका घ्यावी. वर्गात एक मोठा चौकोन काढून 'खरा मर्द' कसा, ते आत लिहायचे. चौकोनाबाहेर पडला तर त्याला काय म्हणतात, ते बाहेर. मग दुसरा चौकोन 'चांगल्या मुली'चा. बाहेरचे शब्द वाचले की दोन्ही चौकोन धमकीवर उभे आहेत, हे वर्गाला समजते. मुंबईतली 'मावा' ही संस्था १९९३ पासून मुलग्यांबरोबर आणि पुरुषांबरोबर हेच काम करते आहे. मराठीत या विषयाचा अनुभव नाही, असे कोणी म्हणू नये.

पाचवी तासिका चिडवण्याच्या शब्दांवर, आणि इथून लैंगिकतेचा विषय सुरू होतो. हे शब्द फळ्यावर लिहू नयेत. ज्यांना माहीत नसतात त्यांना नवे मिळतात. चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत. चिठ्ठ्या सारख्या मापाच्या, पेन एकाच रंगाचे, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच, अगदी 'काही नाही' असेसुद्धा, म्हणजे कोण लिहितो आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. शिक्षकाने त्या एकट्याने वाचाव्यात आणि पुढच्या वेळी शब्द न उच्चारता एवढेच विचारावे: असे चिडवले गेलेल्या मुलाने त्याआधी काय केले होते? उत्तरे ठरलेली असतात. तो रडला, मारामारीत उतरला नाही, बारीक आवाजात बोलला, नाचला, मुलींबरोबर खेळला. मुलीने काय केले होते? मोठ्याने हसली, केस कापले, मुलग्यांबरोबर क्रिकेट खेळली. त्यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: त्या शब्दाच्या भीतीने इतरांनी काय करायचे सोडले? गाणे सोडले, नाच सोडला, चित्रकलेचा वर्ग सोडला. ज्याला चिडवले त्याच्यापुरता हा प्रश्न नाही, सगळ्या वर्गाचे वागणे त्या शब्दाने बांधलेले आहे, हे इथे कळते.

यानंतर शिक्षकाने चार गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात: शरीर कसे आहे, माणूस स्वतःला काय मानतो, त्याला कोणाबद्दल आकर्षण वाटते, आणि त्याच्या आवडी व वागणे. एकावरून दुसरे ओळखता येत नाही. नाचणारा मुलगा समलैंगिक असेलच असे नाही, क्रिकेट खेळणारी मुलगी तशी नसेलच असेही नाही, आणि अंदाज बांधणे हे आपले काम नाही. बहुतेकांना दुसऱ्या लिंगाच्या व्यक्तीबद्दल आकर्षण वाटते, काहींना आपल्याच. काही जण जन्मतः नोंदवलेल्या लिंगापेक्षा स्वतःला वेगळे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाशिवाय शिक्षण देणे शाळांवर बंधनकारक आहे. एवढे सांगायला १५ मिनिटे पुरतात. यात शरीरसंबंधांचे शिक्षण कुठेही नाही, हे पालकांना स्पष्टपणे सांगता येते.

वर्गात एखादा विद्यार्थी वेगळा असल्याचे सगळ्यांना ठाऊक असेल, तर त्याच्याकडे पाहू नये, त्याला उदाहरण करू नये, 'तुला काय वाटते' असे चारचौघांत विचारू नये. त्याच्याशी चांगले वागा, असे वर्गाला सांगणे हीसुद्धा त्याच्याकडे बोट दाखवण्याचीच रीत होते. शाळेत कडी लागणारे एक स्वच्छतागृह असे ठेवावे की ते आजारी, अपंग, कोणीही वापरू शकेल. मग तिथे जाणाऱ्यावर शिक्का बसत नाही. पालक मुलाला 'बरे' करायला कोणाकडे नेणार असतील तर त्यांना सांगावे, की असे 'उपचार' करणे हे वैद्यकीय व्यवसायातले गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे.

मासिक पाळीबद्दलची तासिका आपल्याकडे हमखास अशी होते: मुलग्यांना मैदानावर पाठवायचे, खिडक्या लावायच्या, मुलींना पॅड वाटायचे. बाहेर पाठवलेले मुलगे त्यातून एकच शिकतात, की काहीतरी लाजेचे आणि गमतीचे आत चालले आहे. दुसऱ्या दिवशी डाग दिसलेल्या मुलीचे काय होते, ते सगळ्या शिक्षिकांना माहीत आहे. आधी अर्धा तास सगळ्यांना एकत्र बसवून गर्भाशयाच्या आकृतीसह माहिती द्यावी, मुलग्यांच्या वयात येण्याचीही त्याच तासाला द्यावी, आणि नंतर हवे असल्यास वेगवेगळे बसून प्रश्न घ्यावेत. क्रम उलटा झाला की एकत्र बसणे जमत नाही.

सहाव्या तासिकेत उत्तरे द्यायचा सराव. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साचेबंद शेऱ्यांना द्यायची वाक्ये ज्या विद्यार्थ्यांनी तोंडाने म्हणून घोटली होती, ते पुढे प्रत्यक्ष प्रसंगी जास्त बोलले. नुसत्या गोष्टी ऐकलेले तितके बोलले नाहीत. वाक्ये लहान आणि रोजच्या बोलीतली असावीत: 'त्याला खेळू दे की.' 'मुलींचं काम, मुलांचं काम असं काही नसतं.' 'रडला तर काय झालं?' जोडीजोडीने पाच वेळा म्हणवून घ्यावीत. हसू येईल, ते येऊ द्यावे.

शिक्षकांच्या बोलण्यातही एक खाचखळगा आहे. 'गणितात मुली मुलांइतक्याच हुशार असतात' हे वाक्य चांगल्या हेतूने म्हटले जाते, पण त्यात माप मुलग्यांचे ठरते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे वाक्य वाचलेल्या प्रौढांनी मुलगेच उपजत हुशार असतात असा अर्थ काढल्याचे दिसले. 'मुलगे आणि मुली गणितात सारखे असतात' असे म्हटल्यावर हा परिणाम दिसला नाही. न्यायालयीन भाषेतल्या साच्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये पुस्तिका काढली आणि टाळायचे शब्द व त्यांचे पर्याय दिले. न्यायाधीशांना असे स्मरण लागते, तर शिक्षकांना लागण्यात कमीपणा कसला?

आणखी काही गोष्टी बिघडतात. 'मुलगे विरुद्ध मुली' असा वादविवाद कधीही ठेवू नये. जो साचा मोडायचा त्याच्याच दोन बाजू करून आपण त्या लढवतो. सहमत-असहमत उभे राहण्याच्या खेळात सगळे वर्गातल्या एका दादाच्या मागे जातात, म्हणून डोळे मिटून हात वर करायला सांगावे. मुलींना 'घरी जाऊन सांगा' असा गृहपाठ देऊ नये. बोलल्याबद्दल मार बसू शकतो किंवा शाळा बंद होऊ शकते, आणि ती किंमत शिक्षक भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ च्या आत झालेले आढळले आहे. अशा घरांतल्या मुलीवर बंडाचे ओझे टाकणे हा अन्याय आहे. गृहपाठ मुलग्यांना द्यावा. तीन आठवडे एक काम पूर्णपणे त्याचे: स्वतःचा गणवेश धुणे, स्वतःचे ताट-वाटी घासणे, घरातले पाणी भरणे. आई सांगेल तेव्हा हात लावणे यात धरायचे नाही, आठवण ठेवणेही त्याच्याकडेच. पालकांची सही घेऊ नये; बहुतेक ठिकाणी ती आईच करते आणि कामही तीच उरकते.

विद्यार्थ्यांनी चिठ्ठ्या टाकायच्या प्रश्नपेटीत कधी अत्याचाराची चिठ्ठी येईल, याची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. 'तू मला सांग, मी कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि तो कायदा मुलगी-मुलगा असा भेद करत नाही. विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा तपशील विचारू नयेत, संशयिताला शाळेने परस्पर बोलावू नये, १०९८ हा बालमदतीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर विद्यार्थ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावावा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत 'सखी सावित्री समिती' आलेली आहे. तिने बैठकीचे इतिवृत्त लिहिण्यापलीकडे याची रंगीत तालीम करावी.

पालकांचा विरोध होईल, या भीतीने हा विषय टाळला जातो. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम वादळ उठल्यावर थांबवला, आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्या समावेशनावर तयार केलेली प्रशिक्षण पुस्तिका नोव्हेंबर २०२१ मध्ये तक्रारींनंतर संकेतस्थळावरून काढून घेतली. दोन्ही वेळा मजकूर पालकांपर्यंत आधी पोहोचला नाही, अफवा पोहोचली. म्हणून पहिल्या तासिकेच्या आधी पालक सभा घ्यावी, ती संध्याकाळी सातनंतर, शेतीची आणि नोकरीची कामे आटोपल्यावर. निमंत्रण वडिलांच्याही नावाने जावे. भाषण न करता कार्डे आणि घड्याळाचे कागद पालकांच्या हातात द्यावेत आणि त्यांच्याकडूनच ते करून घ्यावेत. काही वडील घड्याळाच्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहतात. आक्षेप आला तर त्यांनाच विचारावे, तुमच्या मुलाला रोज चिडवले जात असेल तर शाळेने काय करावे असे वाटते? या प्रश्नावर विरोधक आणि समर्थक यांचे उत्तर सहसा एकच येते.

परिणाम मोजताना परीक्षा घेऊ नये. 'सर्व समान आहेत' हे उत्तर विद्यार्थी दोन तासिकांत पाठ करतात. सुरुवातीला आणि वर्षअखेरीस नाव न लिहिता भरायची बारा विधाने, आणि त्यांच्या जोडीला शाळेच्या व्यवहाराची मोजणी: मैदानाच्या मधल्या भागात कोण, झाडू कोणाकडे, वर्गात हात वर केलेल्यांपैकी शिक्षकाने किती वेळा कोणाला विचारले. ही शेवटची मोजणी दोन विद्यार्थ्यांनी एका तासात कागदावर रेघा ओढून करायची आणि कागद शिक्षकाला द्यायचा.

शिक्षण विभागाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सहावी-सातवीच्या वेळापत्रकात दर तीन आठवड्यांनी ही तासिका लेखी नेमावी. शाळासमूहाच्या केंद्र स्तरावर होणाऱ्या शिक्षण परिषदांपैकी वर्षातल्या दोन यासाठी राखाव्यात, आणि त्यांत शिक्षकांनी कार्डे, घड्याळ, चौकोन हे स्वतः करावे. पहिल्या परिषदेत प्रत्येकाने गेल्या आठवड्यात वर्गात उच्चारलेली पाच वाक्ये लिहून आणावीत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी २४ कार्डांचा संच त्या त्या भागातल्या कामांप्रमाणे करावा, कारण कोकणातल्या मासळी बाजाराची कार्डे मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावात चालणार नाहीत. पुठ्ठा, स्केचपेन आणि कोरे कागद धरून एका वर्गाचा वर्षाचा खर्च शाळेच्या किरकोळ अनुदानातून भागतो. हजेरीपट बदलायला तर तेवढाही लागत नाही, आणि तो जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशीच बदलता येतो.

आपले,
शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करणारे काही कार्यकर्ते